ओलेगेरचे बूट : एका कातालान बचावपटूची गोष्ट

१७ मे २००६, पॅरिस. चॅम्पियन्स लीगची फायनल, बार्सिलोना विरुद्ध आर्सेनल. आर्सेनलच्या गोलकीपरला १८व्या मिनिटालाच लाल कार्ड मिळालेलं, तरी दहा जणांचं आर्सेनलच १-० ने पुढे. ७१व्या मिनिटाला बार्साने, म्हणजे बार्सिलोनाने, उजवा बचावपटू बदलला. ओलेगेर प्रेसास बाहेर आला, ब्राझीलचा बेलेटी आत गेला. पाच मिनिटांत एटोने बरोबरी साधली आणि ८१व्या मिनिटाला बेलेटीने गोलकीपरच्या दोन पायांमधून चेंडू जाळ्यात घातला. २-१. बार्साला चौदा वर्षांनी युरोपचा चषक मिळाला आणि बेलेटीला आयुष्यभराची पुण्याई.

ज्याच्या जागी तो आला, त्या ओलेगेरचं नाव आज निघतं ते या फायनलमुळे नाही. निघतं ते एका वर्तमानपत्रातल्या लेखामुळे आणि त्या लेखापायी गेलेल्या बुटांच्या करारामुळे. आपल्याकडे बार्सा म्हटलं की मेस्सी, रोनाल्डिन्यो, इनिएस्ता आठवतात. ओलेगेर आठवणारे थोडे, आणि आठवला तरी ‘तो राजकारणवाला’ एवढंच. पण कातालान फुटबॉलपटू आणि राजकारण हा गुंता नेमका काय आहे, हे समजून घ्यायला त्याच्याइतकं सोयीचं उदाहरण दुसरं नाही. तो फार मोठा खेळाडू नव्हता, म्हणूनच.

आधी गुंता सोडवू. कातालुन्या हा स्पेनच्या ईशान्येचा स्वायत्त प्रांत, बार्सिलोना ही त्याची राजधानी, लोकसंख्या ऐंशी लाखांच्या आसपास. कातालान ही स्वतंत्र भाषा आहे, स्पॅनिशची बोली नव्हे. १९३९ ते १९७५ या फ्रँकोच्या हुकूमशाहीत ती शाळांतून आणि सरकारी कारभारातून हद्दपार झाली होती. त्या काळात हजारोंच्या गर्दीत मोकळेपणाने कातालान बोलता येईल अशा जागा कमी होत्या. बार्साचं स्टेडियम ही त्यातली एक. क्लबचा अध्यक्ष जुझेप सुन्योल याला १९३६ मध्ये, स्पेनच्या यादवी युद्धाच्या पहिल्याच महिन्यात, फ्रँकोच्या सैनिकांनी गोळ्या घातल्या होत्या. ‘क्लबपेक्षा काहीतरी अधिक’ हे बार्साचं ब्रीद आता टी-शर्टवर छापून विकलं जातं, पण १९६८ मध्ये एका अध्यक्षाने ते शब्द उच्चारले तेव्हा ऐकणाऱ्यांना त्याचा अर्थ समजावून सांगावा लागला नव्हता.

फ्रँकोनंतर १९७८ ची राज्यघटना आली, प्रांतांना स्वायत्तता मिळाली. पुढचा वाद सोप्या शब्दांत असा : किती स्वायत्तता पुरेशी? काहींना आहे ती बरी वाटते, काहींना अजून हवी, काहींना वेगळा देशच हवा. आणि ज्यांना वेगळा देश नको त्यांच्यातलेही पुष्कळजण म्हणतात की निदान आम्हाला मत तरी देऊ द्या. हा शेवटचा गट लक्षात ठेवा, पुढे पिके या दुसऱ्या कातालान खेळाडूच्या वेळी लागेल.

आता एक फरक, जो आपल्याकडच्या बातम्यांत नेहमी पुसला जातो. स्पेनच्या उत्तरेचा बास्क प्रदेश वेगळा आणि कातालुन्या वेगळा. ‘एटा’ ही वेगळ्या देशासाठी लढणारी सशस्त्र संघटना बास्कांची. तिने काही दशकांत आठशेहून अधिक माणसं मारली, आणि त्यात कातालानही होते. जून १९८७ मध्ये बार्सिलोनातल्या एका सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये एटाने ठेवलेल्या बाँबने एकवीस जणांचा जीव घेतला होता. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण ओलेगेरच्या लेखावर एवढी आग का भडकली हे त्याशिवाय कळणार नाही.

ओलेगेरचा जन्म २ फेब्रुवारी १९८० चा, सबादेलचा. सबादेल हे बार्सिलोनाच्या उत्तरेला, तासाभराच्याही आत पोचता येईल असं कापडगिरण्यांचं जुनं शहर. गिरण्या गेल्या तरी कामगार चळवळीचं वळण, मोहल्ल्यामोहल्ल्यातल्या संस्था, डावं राजकारण हे सगळं तिथे मुरलेलं. बार्साचे बहुतेक घरचे खेळाडू दहा-बारा वर्षांचे असतानाच ला मासिया या क्लबच्या प्रबोधिनीत दाखल होतात, तिथेच राहतात, तिथेच शिकतात. फुटबॉल सोडून दुसरं जग त्यांना फार उशिरा दिसतं. ओलेगेरचं उलट झालं. तो ग्रामेनेत नावाच्या खालच्या विभागातल्या क्लबकडून खेळत होता आणि २००१ मध्ये, एकविसाव्या वर्षी, बार्साच्या ‘ब’ संघात आला. (याच ग्रामेनेतने २००४ मध्ये बार्साला स्पॅनिश चषकातून बाहेर काढलं होतं. फुटबॉलला असले विनोद सुचतात.) सोबत त्याने विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून घेतलं. म्हणजे ड्रेसिंग रूममध्ये पाय ठेवला तेव्हा त्याची मतं घडलेली होती, मित्र फुटबॉलबाहेरचे होते आणि पोट भरायला दुसरा रस्ताही होता. माझ्या मते त्याच्या पुढच्या वागण्याचं निम्मं उत्तर इथेच आहे.

खेळाडू म्हणून कसा होता? अंगाने धिप्पाड, वेग मध्यम, मेहनतीला पक्का. मधल्या बचावातही खेळायचा आणि उजव्या कडेलाही. रोनाल्डिन्यो चेंडूशी जे काही करायचा ते बघायला लोक तिकीट काढायचे, आणि मागे कुणीतरी जागा धरून उभं राहावं लागतं म्हणून ओलेगेर असायचा. प्रशिक्षक फ्रँक रायकार्डच्या संघाने २००५ आणि २००६ असे सलग दोन वेळा लीग जिंकले, तेव्हा तो नियमित संघात होता. गोलांचे व्हिडिओ शोधायला जाल तर निराश व्हाल.

२००५ च्या शेवटी स्पेनच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक लुइस आरागोनेस यांनी त्याला सराव शिबिराला बोलावलं. पुढच्या उन्हाळ्यात जर्मनीत वर्ल्डकप होता. कुठल्याही पंचविशीच्या खेळाडूने उडी मारून जावं अशी ही हाक. ओलेगेर माद्रिदजवळच्या लास रोसासला गेला, सराव केला आणि आरागोनेस यांच्याशी बोलला. ज्या ओढीने देशाचा शर्ट घालावा ती ओढ मला नाही, तेव्हा मला घेण्यात अर्थ नाही, असा त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ. म्हातारा आरागोनेस तोंडाने फटकळ, पण खेळाडू ओळखणारा. विषय तिथेच संपला. ओलेगेर स्पेनकडून एकही सामना खेळला नाही.

इथे प्रश्न पडतो : नको होतं तर गेलाच कशाला? पत्रक काढून ‘येत नाही’ म्हणता आलं असतं की!

म्हणता आलं नसतं. स्पेनच्या १९९० च्या क्रीडा कायद्यात राष्ट्रीय संघाच्या बोलावण्याला सबळ कारणाशिवाय गैरहजर राहणं हा ‘अतिगंभीर’ प्रकारचा गुन्हा धरला होता, आणि त्यासाठी खेळाडूवर बंदी येऊ शकत होती. म्हणजे देशासाठी खेळणं हा मान तर आहेच, पण कागदोपत्री ते कर्तव्यही आहे. दुखापत चालेल. ‘मन नाही’ हे कारण चालणार नाही. त्यामुळे नको असलेल्या खेळाडूपुढे सभ्य वाट एकच उरते : जायचं, प्रशिक्षकाला बाजूला घ्यायचं आणि खरं काय ते सांगायचं. कुठलाही शहाणा प्रशिक्षक मन नसलेला माणूस संघात ठेवत नाही. कायदाही मोडत नाही, खोटी दुखापतही दाखवावी लागत नाही. मला ओलेगेरच्या सगळ्या गोष्टीत हा प्रसंग सगळ्यात आवडतो, कारण यात ना घोषणा आहे ना झेंडा.

मग तो कातालुन्याकडून का खेळत नव्हता? खेळत होता. कातालुन्याचा स्वतःचा संघ आहे. तिथला फुटबॉल महासंघ १९०० सालचा, स्पेनच्या महासंघाहून जुना. पण फिफा (जगाची) किंवा युएफा (युरोपची) या फुटबॉल संघटनांचं सदस्यत्व त्याला नाही, त्यामुळे वर्ल्डकप नाही, युरो ही युरोपची स्पर्धाही नाही. त्या काळी साधारणपणे नाताळच्या सुटीत एखादा मैत्रीपूर्ण सामना व्हायचा. डिसेंबर २००९ मध्ये योहान क्रायफ प्रशिक्षक असताना या संघाने अर्जेंटिनाला ४-२ ने हरवलं, लोक खूश होऊन घरी गेले आणि कुठल्याही गुणतक्त्यात त्याची नोंद झाली नाही. स्कॉटलंड आणि वेल्सचे वेगळे संघ आहेत मग कातालुन्याचा का नाही, हा प्रश्न तिथे दर वर्षी विचारला जातो. ब्रिटनच्या चार संघांना ती सवलत मिळाली कारण फिफा जन्मण्याच्या आधीपासून ते एकमेकांशी आंतरराष्ट्रीय सामने खेळत होते. नव्याने दार ठोठावणाऱ्याला आधी देश व्हावं लागतं.

आता त्या लेखाकडे येऊ. इथे जरा सावकाश जावं लागेल.

एटाचा एक सदस्य होता, इन्याकी दे हुआना. पंचवीस खुनांत दोषी ठरलेला. त्याला मिळालेल्या शिक्षांची बेरीज हजारो वर्षांची, पण जुन्या दंडसंहितेप्रमाणे प्रत्यक्ष तुरुंगवासाला कमाल मर्यादा होती आणि त्यातूनही सूट मिळत जायची. सुमारे अठरा वर्षांत त्याची सुटका जवळ आली. देशभर संताप उसळला. मग त्याने तुरुंगातून लिहिलेल्या दोन लेखांत धमक्या आहेत असं म्हणून त्याच्यावर नवा खटला भरला गेला आणि नोव्हेंबर २००६ मध्ये त्याला आणखी बारा वर्षांहून जास्त शिक्षा झाली. त्याने उपोषण सुरू केलं. फेब्रुवारी २००७ पर्यंत तो हाडांचा सापळा झाला होता, नाकातून नळीने अन्न दिलं जात होतं आणि खाटेला बांधलेल्या अवस्थेतले त्याचे फोटो परदेशी वर्तमानपत्रांतही झळकले होते.

वेळही बघा. ३० डिसेंबर २००६ रोजी एटाने युद्धबंदी मोडून माद्रिदच्या विमानतळावर गाडीबाँब उडवला होता. इक्वादोरहून आलेले दोन तरुण त्यात गेले. सरकार आणि एटा यांच्यातली बोलणी कोसळली होती. जखम ओली होती.

अशा वेळी, फेब्रुवारी २००७ मध्ये, ‘बेरिया’ या बास्क भाषेतल्या दैनिकात ओलेगेरचा लेख आला. तो खुनी निर्दोष आहे असं ओलेगेर म्हणत नव्हता. त्याचा रोख कायद्याच्या राज्याच्या दुटप्पीपणावर होता : आजारपणाच्या कारणाने इतरांना, अगदी सरकारी दहशतीच्या (म्हणजे सरकारी माणसांनीच एटाविरुद्ध केलेल्या हिंसेच्या) प्रकरणांत शिक्षा झालेल्यांनाही, सवलत मिळते, मग इथे मोजमाप वेगळं का? माणूस कितीही घृणास्पद असो, कायद्याचं माप एकच हवं, हा मुद्दा. गंमत म्हणा किंवा विषाद म्हणा, लेख छापून आल्यावर काही दिवसांतच सर्वोच्च न्यायालयाने ती बारा वर्षांची शिक्षा कमी करून तीन वर्षांवर आणली.

मुद्दा वाचायला किती जण थांबले? मारल्या गेलेल्यांच्या नातेवाइकांनी थांबावं अशी अपेक्षा मी करणार नाही. त्यांच्या दृष्टीने लाखो युरो कमावणारा एक फुटबॉलपटू पंचवीस मढ्यांच्या बाजूला न बसता मारेकऱ्याच्या उशाशी बसला होता. आणि खरं सांगायचं तर दोन्ही बाजू ऐकल्या की दोन्ही समजतात, तिथेच हा विषय अवघड होतो. पण बाकीचा गदारोळ वाचून केलेला नव्हता. परगावच्या मैदानांवर ओलेगेरच्या पायाला चेंडू लागला की शिट्ट्या सुरू व्हायच्या. उजव्या विचारांच्या एका स्पॅनिश स्ट्रायकरने तर कुत्र्याच्या विष्ठेबद्दल आपल्याला त्याच्याहून जास्त आदर आहे, अशा अर्थाचं जाहीर विधान केलं. म्हणजे राजकारणावर बोलणारा फुटबॉलपटू ओलेगेर एकटाच नव्हता. फरक एवढाच की त्या दुसऱ्याच्या बोलण्याला कुणी ‘राजकारण’ म्हणत नव्हतं.

आणि मग बूट. फुटबॉलमध्ये शर्ट क्लबचा असतो, त्यावरची जाहिरात क्लबची, पैसे क्लबचे. बूट मात्र खेळाडूचे स्वतःचे. कुठल्या कंपनीचे घालायचे हे तो ठरवतो आणि त्याचे पैसे थेट त्याच्या खिशात जातात. ओलेगेर ‘केल्मे’ या स्पॅनिश कंपनीचे बूट घालायचा, पंज्याच्या ठशाचं चिन्ह असलेले. लेख आला आणि केल्मेने करार तोडून टाकला. त्याच्या कपाळावर आरोपपत्र नव्हतं, महासंघाची बंदी नव्हती, क्लबचा दंड नव्हता. कायद्याने त्याचं मत मांडण्याचं स्वातंत्र्य शाबूत होतं. किंमत बाजाराने वसूल केली. अर्थशास्त्र शिकलेल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नसावी.

इथे एक सोपी गोष्ट रचायचा मोह होतो : बंडखोर खेळाडू, संतापलेला देश, संपलेली कारकीर्द. ती गोष्ट खोटी आहे. २००६ च्या उन्हाळ्यातच, लेखाच्या कितीतरी आधी, बार्साने युव्हेंटसकडून झाम्ब्रोत्ता आणि तुराम हे दोन कसलेले बचावपटू आणले होते. ओलेगेरची जागा तेव्हापासूनच आकसत होती. (लिलियां तुराम हाही वंशभेदाविरुद्ध उघड बोलणारा माणूस. दोन वर्षं हे दोघे एकाच ड्रेसिंग रूममध्ये कपडे बदलत होते. तिथल्या गप्पा ऐकायला मिळाल्या असत्या तर!) पुढचे दोन्ही मोसम बार्साला मोठा चषक मिळाला नाही, रायकार्ड गेला, गुआर्दिओला आला. त्याने उजव्या कडेला दानी आल्वेस घेतला आणि मध्ये जेरार्ड पिकेला परत आणलं. ओलेगेर २००८ मध्ये आयाक्सला, आम्स्टरडॅमला गेला. तिथे डच चषक आणि लीग जिंकणाऱ्या संघात राहून, शेवटी फारसं न खेळता, २०११ मध्ये थांबला. एकतिसाव्या वर्षी. मतांमुळे नव्हे, त्याच्याहून चांगले खेळाडू आले म्हणून. बचावपटूंच्या आयुष्यात बहुतेक वेळा हेच होतं.

मधल्या काळात त्याने कवी असलेल्या मित्राबरोबर कातालान भाषेत एक पुस्तक लिहिलं. लीग जिंकल्यावर उघड्या बसवरून निघालेली मिरवणूक आणि त्या रस्त्यांचा इतिहास अशी त्याची गुंफण. मिरवणुकीत चषक उंचावताना हा माणूस खालच्या गल्ल्यांत यादवी युद्धात काय झालं होतं याचा विचार करत होता, यावरून स्वभाव कळावा.

आता पिके. २००८ च्या ज्या उन्हाळ्यात ओलेगेर गेला त्याच उन्हाळ्यात मँचेस्टर युनायटेडहून पिके आला. वाढदिवसही एकच, २ फेब्रुवारी, फक्त सात वर्षांनी धाकटा. बाकी दोघांत काही सारखं नाही. पिके बार्सिलोनातल्या सुखवस्तू घरातला, ला मासियात वाढलेला, धंदेवाईक डोक्याचा, ट्विटरवर रिअल माद्रिदला चिमटे काढणारा. तो स्पेनकडून १०२ सामने खेळला, वर्ल्डकप जिंकला, युरो जिंकला. आणि आपण स्वातंत्र्यवादी आहोत असं न म्हणता तो एकच गोष्ट लावून धरत राहिला : लोकांना मत देऊ द्या. सुरुवातीला सांगितलेला गट तो हाच.

ओलेगेरला ज्या शिट्ट्या मिळाल्या त्या पिकेलाही मिळाल्या, आणि त्याला तर स्वतःच्याच देशाच्या शर्टात. ऑक्टोबर २०१६ मध्ये अल्बेनियाविरुद्धच्या सामन्यात त्याने लांब बाह्या कापून टाकल्या. सोशल मीडियावर क्षणात बोंब उठली : बाहीच्या टोकाला स्पेनच्या झेंड्याचे रंग असतात, ते नकोत म्हणून कापल्या! सामना संपायच्या आत हा आरोप देशभर फिरला. प्रत्यक्षात ती रंगीत पट्टी आखूड बाह्यांच्या शर्टवर होती. लांब बाह्यांच्या शर्टवर ती नव्हतीच. अडचण होत होती म्हणून त्याने कापडावर कात्री चालवली होती, एवढंच. महासंघाने शर्टाचे फोटो देऊन खुलासा केला. पिके म्हणाला, पुरे झालं, २०१८ च्या वर्ल्डकपनंतर मी थांबतो. ओलेगेरने निदान काहीतरी लिहिलं होतं. पिकेच्या बाहीवर तर काही लिहिलेलंच नव्हतं.

आपल्याकडे याचा धागा गोव्यापर्यंत येतो. एफसी गोवाच्या चाहत्यांनी ज्याला डोक्यावर घेतलं तो गोलांचा रतीब घालणारा कोरो, म्हणजे फेरान कोरोमिनास, कातालान आहे. त्या संघाचा तेव्हाचा प्रशिक्षक सेर्जिओ लोबेरा हाही बार्साच्या व्यवस्थेत घडलेला. ते गोव्यात आले ते वर्ष २०१७. त्यांचा पहिला मोसम सुरू व्हायला काही आठवडे असताना तिकडे घरी काय चाललं होतं, ते बघा.

१ ऑक्टोबर २०१७. कातालान सरकारने स्वातंत्र्यावर सार्वमत ठेवलेलं, स्पेनच्या घटनात्मक न्यायालयाने ते स्थगित केलेलं. सकाळी पिके मत देऊन आला. मतदान केंद्रांवर पोलीस लाठ्या चालवत असल्याचे व्हिडिओ फोनवर येत होते. संध्याकाळी लास पाल्मासविरुद्ध सामना. बार्साला तो पुढे ढकलून हवा होता. लीगने नकार दिला, तेव्हा क्लबने दारं बंद करून खेळायचं ठरवलं. सुमारे ९९ हजार रिकाम्या खुर्च्या. पाहुण्या संघाने शर्टवर स्पेनचा छोटा झेंडा शिवून आणला होता. खेळाडूंच्या हाका आणि चेंडूचा थाप-थाप आवाज टीव्हीवर स्पष्ट ऐकू येत होता. बुस्केत्सचा एक गोल, मेस्सीचे दोन. ३-०. नंतर पत्रकारांपुढे पिकेला रडू आवरलं नाही. मी अडचण ठरत असेन तर राष्ट्रीय संघातून बाजूला होईन, असं तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याला राष्ट्रीय संघाच्या सरावाला हजर व्हायचं होतं. मैदान लास रोसासचंच, जिथे बारा वर्षांपूर्वी ओलेगेर आरागोनेस यांना ‘मला ओढ नाही’ असं सांगून शांतपणे निघून गेला होता. पिके मात्र खेळायला आला होता. कुंपणापलीकडे झेंडे घेतलेले लोक त्याला शिव्या देत होते, त्यातच त्याने बुटांच्या नाड्या बांधल्या आणि आत गेला. सराव त्या दिवशी लवकर आवरता घेतला गेला.